दुहेरी बंदोबस्त

“अहो, ती टोपी आता काढा तरी. घाम येईल डोक्याला.”

“थांब गं. लागेल एवढ्यात.”

भाऊबीजेची सकाळ होती. आमच्या टोरोंटोजवळच्या वॉनच्या घराच्या बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी एक टेबल आहे. टेबलावर कंप्युटर, आणि कंप्युटरसमोर हे. अंगात इस्त्रीचा झब्बा, खाली पायजमा, आणि डोक्यावर बर्फ शोव्हल करताना घालायची लाल लोकरी टोपी. ओवाळताना पुरुषाचं डोकं झाकलेलं हवं, आणि ह्यांची काळी टोपी घर बदलताना जी गेली ती गेलीच. तेव्हापासून ह्यांची भाऊबीज ह्याच टोपीत साजरी होते. नागपूरला ह्यांची धाकटी बहीण यामिनी हे ध्यान बघून दरवर्षी पोट धरून हसायची.

आज मात्र पलीकडे कोणी दिसत नव्हतं. पडद्यावर एक बारकं चाक फिरायचं, थांबायचं, आणि कॉल लागत नाही म्हणून सांगून गप्प व्हायचं. हे पुन्हा लावायचे. ते पुन्हा फिरायचं.

“माझ्या फोनवरून लावा ना,” मी म्हटलं. “यामिनीच्या मिलिंदचा नंबर आहे त्यात.”

“त्या एवढ्याशा फोनवर मला ती धड दिसत नाही. आणि तुझ्या फोनमध्ये काय काय शिरलंय, देव जाणे. पाच मिनिटं दे मला.”

ह्यांची पाच मिनिटं मी लग्नापासून ओळखून आहे. चकल्यांची ताटली टेबलाच्या कडेला ठेवली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.

आमचे हे म्हणजे हेमचंद्र देवपुजारी. मूळचे नागपूरचे, पण जन्म गेला टोरोंटोच्या उंच उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्यात. लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत, हे मला त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नव्या नवरीला सांगायची गोष्ट ही! दोर अनेक असतात, एक तुटला तर बाकीचे धरतात, सगळे तुटले तरी ब्रेक असतो. निवृत्त झाले, पण दोर काही डोक्यातून गेले नाहीत. आमच्या दाराला दोन कुलपं. प्रत्येक मजल्यावर धुराचे दोन दोन अलार्म. गाडीत दोन टॉर्च. शेगडी बंद केली का हे बघायला आम्ही हायवेवरून किती वेळा परत फिरलोय त्याची गणती नाही. असा नवरा असला की चोराची भीती राहत नाही, पण स्वतःच्याच घरात शिरायला वेळ लागतो.

आणि यामिनी अगदी उलट. शाळेत भूगोल शिकवायची. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नाही. मी पुण्याची म्हणून माझ्या बोलण्याची नक्कल करायची, आणि इतकी हुबेहूब की मलाच हसू यायचं. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि सगळे शब्द गेले. एकच राहिला. ‘बरं.’ जेवलीस का? बरं. दुखतंय का? बरं. रडायला लागली तरी तोंडातून ‘बरं, बरं’ एवढंच. मला ते ऐकवत नसे.

फोन तिला चालायचा नाही. कानाशी धरला की बावरायची, फोनकडेच बघत बसायची, मग मिलिंदच्या हातात देऊन टाकायची. मिलिंद तिचा मुलगा. पण दर रविवारी तो तिच्यासमोर टॅबलेट उभा करायचा, इकडे हे मोठ्या पडद्यासमोर बसायचे, आणि बहीणभाऊ तासभर बोलायचे. खरंच बोलायचे! ती वेगवेगळ्या सुरांत ‘बरं’ म्हणायची, आणि हे मला सांगायचे, “ऐकलंस? मिलिंदनं भिंतीला भलताच रंग दिलाय म्हणतेय.” मला वाटायचं, बंडला मारताहेत. मग मागून मिलिंद ओरडायचा, “खरं आहे हो मामी, कालच दिला!”

ती कोणासमोर यायची नाही. शेजारीण आली तरी पदरानं तोंड झाकून घ्यायची. ह्यांच्यासमोर मात्र पदर खाली असायचा.

मागच्या उन्हाळ्यात एक प्रकार झाला. मी वर पोळ्या करत होते, आणि खालून भोंगा वाजायला लागला. धावत गेले तर कंप्युटरचा पडदा लालभडक, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब ह्या नंबरवर फोन करा. ह्यांनी फोन केलेलाच होता. पलीकडचा मुलगा हिंदीत इतका गोड बोलत होता की बस. “घबराइए मत अंकलजी, हम हैं ना.” त्यानं सांगितलं तसं हे करत गेले, आणि बघता बघता पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. ह्यांचा हात माऊसवर नव्हता. बाण फिरत फिरत फोटोंमध्ये शिरला. एका रविवारी बोलता बोलता ह्यांनी यामिनीचा फोटो काढून ठेवला होता, वाकड्या तोंडानं हसणारा. तो उघडला.

“ये माताजी कौन हैं, अंकलजी? बीमार हैं क्या?”

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी पुढे झाले आणि भिंतीतून वायर उपटली. पिठाचे हात तसेच.

चोरीला काही गेलं नाही. पुष्कर, आमचा मुलगा, डाउनटाउनमध्ये कॉन्डोत राहतो, बँकेत आयटीत आहे. तो त्याच संध्याकाळी आला, पासवर्ड बदलले, सगळं साफ केलं. जाताना बजावून गेला, “बाबा, पुढे स्क्रीनवर काहीही विचारलं ना, जस्ट से नो. डाउट आला की नो. आणि कंप्युटरचा रिमोट कोणालाही द्यायचा नाही.” आणि हेही म्हणाला, “एक अँटिव्हायरस, एक फायरवॉल. दॅट्स इट. दोन दोन टाकू नका, दे फाइट.”

पहिलं ह्यांनी ऐकलं. दुसरं ऐकून सोडून दिलं.

“लिफ्टला एकच दोर लावतात का रे?” एवढंच म्हणाले.

चोरीला काही गेलं नाही हे मी ह्यांना दहादा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे. “त्यानं तिला बघितलं, शीला,” म्हणायचे. “आपल्या माणसांना तोंड दाखवत नाही ती. आणि मी तिला एका चोराला दाखवली.”

मग बंदोबस्त सुरू झाला. एक अँटिव्हायरस आणला, त्याची स्वतःची फायरवॉल होती. त्यावर दुसरा अँटिव्हायरस टाकला. त्यावर आणखी एक वेगळी फायरवॉल. कंप्युटरची मूळची होती ती निराळीच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एका स्वयंपाकघरात दोन सासवा नांदवल्यावर काय होतं ते मला कळतं. हा त्याला चोर म्हणून पकडायचा, तो ह्याच्या फायली कोंडून ठेवायचा. कंप्युटर चालू करून मी वर यावं, पोहे करून खाली न्यावेत, तरी तो आपला उठतोच आहे. आणि चालू झाला की चौकटींवर चौकटी. अमुक प्रोग्रॅम बाहेर जाऊ पाहतोय, जाऊ द्यायचं का? तमुक आत येऊ पाहतोय, येऊ द्यायचं का? हे चष्मा नाकावर ओढून, अक्षरांवर बोट ठेवून प्रत्येक चौकट वाचायचे. मग ‘नाही’वर दाबायचे. खाली बारीक अक्षरांत ‘पुन्हा विचारू नका’ असं असायचं, त्यावरही खूण करायचे. संध्याकाळी चहा घेताना समाधानानं सांगायचे, “आज बऱ्याच जणांना परत पाठवलं.”

खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं मला. माणूस पुन्हा जेवायला लागला होता.

नरकचतुर्दशीला मी धुतलेले कपडे घ्यायला खाली गेले, तेव्हा अशीच एक चौकट आली होती.

“काय विचारतोय?”

“कोणीतरी नवीनच आहे. नाव ओळखीचं नाही. दिला हाकलून.”

रविवारच्या बोलण्याचा जो प्रोग्रॅम होता, त्याची नवी आवृत्ती आली होती म्हणे. नव्या नावानं. जुन्याला ह्यांनी केव्हाच आत घेतलेलं होतं, नव्यानं रीतसर दार वाजवलं, आणि ह्यांनी रीतसर ‘नाही’ म्हटलं. पुन्हा विचारू नका.

तर भाऊबीजेची ती सकाळ. आमची सकाळ म्हणजे नागपूरची संध्याकाळ. लँडलाइन वाजली. मिलिंद होता. ह्यांनी स्पीकर लावला.

“मामा, केव्हाचा लावून राहिलो मी! तुम्ही ऑनलाइन दिसतच नाही. आई तयार होऊन बसली आहे, हिरवी साडी नेसून. निरांजन लावून झालं.”

“दोन मिनिटं, मिलिंद. तिला म्हणावं दादा टोपी घालून बसलाय.”

मागून आवाज आला, “बरं.” हसून म्हटलेलं ‘बरं’ होतं ते. एवढं मलाही कळलं.

मग पुष्करला फोन. तो बायकोबरोबर लव्हालला, गाडीनं पाच-सहा तासांवर, सासुरवाडीला गेला होता दिवाळीसाठी. मागे नुसता गोंधळ, पोरांचा, भांड्यांचा.

“बाबा, फायरवॉल ऑफ करा थोड्या वेळासाठी.”

“कोणती?”

“हाउ मेनी डू यू हॅव?”

ह्यांनी सांगितलं. पुष्करनं जो सुस्कारा सोडला तो मला पायरीवर ऐकू आला.

“बाबा, मला रिमोट द्या. तुमचा कंप्युटर मी इथून चालवतो, फाइव्ह मिनिट्स.”

“रिमोट कोणालाही द्यायचा नाही. तूच सांगितलंस.”

“आय अ‍ॅम युअर सन!”

“हल्ली आवाज कोणाचाही काढता येतो. पेपरात आलं होतं.”

“आई, तू सांग ना त्यांना!”

मी सांगितलं. मी ओरडलेसुद्धा. पण हा माणूस एकदा तपासणीला बसला की त्याला उठवणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमायचं नाही. एका फायरवॉलमध्ये वाट मोकळी केली, तर दुसरी अडवायची. ती बंद केली तर अँटिव्हायरस बोंब मारायचा की तुमचं संरक्षण गेलं, आणि ती स्वतःच चालू करून टाकायचा. ह्यांनीच कधीतरी पासवर्ड घातला होता एकीला, तो आठवेना. मध्येच कंप्युटर बंद पडला आणि पुन्हा चालू व्हायला निघाला, तो निघालाच. ह्यांच्या कानांमागून घामाचे ओघळ येत होते. टोपी काढली नाही.

“अहो, ती किती वेळ बसेल? पाठ दुखते तिची.”

“होतंच आलंय.”

शेवटी मी काही न विचारता माझ्या फोनवरून मिलिंदला लावला. आमच्याकडे दुपार झाली होती. पहिल्याच रिंगला लागला. एवढं सोपं होतं ते. मिलिंद फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात बोलत होता.

“मामी, आत्ताच झोपली हो ती. खूप वेळ बसली होती. उठवू का?”

मी फोन ह्यांच्यासमोर धरला. “सांगा त्याला, उठव म्हणावं. एक मिनिट बघू दे तिला.”

हे फोनकडे बघत राहिले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. केस सगळे कपाळाला चिकटले होते.

“नको रे,” म्हणाले. “झोपू दे तिला. शनिवारी पुष्कर येतोय, सगळं नीट करून घेतो. रविवारी करू निवांत. भाऊबीज काय, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालते.”

“ठीक आहे मामा. सांगतो तिला उठल्यावर.”

गुरुवारी सकाळी हे पुढच्या अंगणात पानं गोळा करत होते. आमच्या मेपलचा नुसता खच पडतो. फोन मी घेतला. मिलिंद रडत नव्हता, अगदी सपाट आवाजात बोलत होता, त्यावरूनच मला कळलं. दुपारी झोपेतच दुसरा झटका आला. डॉक्टर यायच्या आत गेली.

मी स्लिपरवरच बाहेर गेले. थंडीनं पाय बधिर झाले. मला बघून त्यांच्या हातातला पानं ओढायचा पंजा थांबला.

“अहो, आत चला जरा.”

“यामी?”

मी मान हलवली. रस्त्यावरून पिवळी स्कूलबस गेली. हे तिच्याकडे बघत राहिले, आणि मग खाली वाकून पानं ओढायला लागले. ह्यांनी राहिलेली सगळी पानं गोळा केली, कागदी पिशवीत दाबून भरली, तिचं तोंड नीट दुमडलं, पिशवी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. मग हे आत आले आणि अंघोळीला गेले. नळ केव्हाचा चालू होता. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून रडण्याचा आवाज येत होता, आणि इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता.

मला इतका राग आला होता! त्या गोडबोल्या मुलाचा आला, कंप्युटरचा आला, ह्यांचा तर आलाच. पण दार उघडून ओल्या डोक्यानं हे बाहेर आले, टॉवेल खांद्यावर, आणि मला विचारलं, “रविवारी करू म्हणालो होतो ना मी?” मग राग कोणावर काढणार? मी त्यांचं डोकं पुसून दिलं.

शनिवारी पुष्कर आला. सबवे ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनवरून मी त्याला घेऊन आले. गाडीत म्हणाला, “आई, मी ड्राइव्ह करून यायला हवं होतं त्या दिवशी.” लव्हालहून कसा येणार होता, पण म्हणाला खरा. घरी आल्यावर वडिलांच्या गळ्यात पडला. मग दोघं बेसमेंटमध्ये गेले. मी चहा घेऊन गेले तोवर त्यानं एक अँटिव्हायरस काढून टाकला होता, जादाची फायरवॉल काढली होती. कंप्युटर कसा चटचट चालत होता.

हे शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसले होते. “कशानं अडलं होतं रे?”

पुष्करनं माझ्याकडे बघितलं. “सॉफ्टवेअर कॉन्फ्लिक्ट, बाबा. दोन सिस्टिम्स एकमेकांना ब्लॉक करत होत्या. इट्स नोबडीज फॉल्ट.”

“असं होय.”

फर्नेस सुरू झाली.

“त्यानं विचारलं होतं मला,” हे म्हणाले. “नरकचतुर्दशीला. येऊ का म्हणून विचारलं होतं. मी वाचलं आणि नाही म्हणालो.”

“बाबा…”

“तुझी चूक नाही. तू सांगितलंस ते बरोबरच होतं. चहा घे, निवेल.”

पुष्करनं चहा घेतला आणि वर जाऊन वॉशरूमचं दार लावून घेतलं.

रविवारी त्यांच्या बोलण्याच्या वेळेला हे खाली जाऊन बसले. मी अडवलं नाही. माणसाचे पाय सवयीनं जातात तिकडे. मी बरोबर गेले आणि माझ्या नेहमीच्या पायरीवर बसले. पडदा चालू होता. हे नुसतेच बघत होते.

आणि चौकट आली. कोणीतरी आत येऊ पाहतोय. येऊ द्यायचं का?

ह्यांनी चष्मा वर सारला. अक्षरांवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं, एवढ्या मोठ्या माणसानं, मी काय सांगते म्हणून.

“घ्या ना आत,” मी म्हटलं. “आपलाच आहे.”

त्यांनी ‘हो’ दाबलं. मिलिंद दिसला, दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. स्वतःच्या मोबाइलवरून बोलत होता, आईच्या खोलीतून. रिकामी कॉट मागे दिसत होती. आधी इकडचं तिकडचं बोलणं झालं. कोण कोण आलं होतं, दहाव्याचं कसं करायचं. हे ‘हो, हो’ करत होते.

“मामा, एक दाखवायचं होतं,” मिलिंद म्हणाला. “परवापासून ठेवून आहे.”

त्यानं टॅबलेट उचलला आणि मोबाइलच्या समोर धरला. बंद होता, काळा. दर भाऊबीजेला यामिनी त्यावर ह्यांच्या कपाळाला कुंकू लावायची, काचेवरच, आणि बोलणं संपल्यावर मिलिंद चष्म्याच्या फडक्यानं ते पुसून टाकायचा. काचेच्या मधोमध कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. डाव्या हाताचं, थोडं तिरकं, खाली ओघळलेलं.

“तुम्हाला कॉल लावताना तुमचा फोटो येतो ना मोठा, तो टोपीतला,” मिलिंद म्हणाला. “रिंग वाजत होती नुसती. मी म्हटलं, आई, थांब जरा, येतीलच मामा. तर बरं म्हणाली, अन् फोटोलाच ओवाळलं. मग झोपली. ह्या वेळेस पुसायचं राहून गेलं माझं. आता पुसवत नाही.”

लाल टोपी टेबलाच्या कडेलाच पडलेली होती. ह्यांनी ती उचलली, दोन्ही हातांनी नीट डोक्यावर बसवली, आणि खुर्ची पुढे ओढून कॅमेऱ्यासमोर मान खाली केली.

मिलिंदला कळलं असावं. त्यानं टॅबलेट तसाच समोर धरून ठेवला. हे मान वर करेपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही.